भुजंगरावाचं वाक्य

नाटकातली कामं वाटायची म्हटली की आमच्या धुळ्याच्या कोर्टातल्या हौशी मंडळींची मापं ठरलेली असत. नायकाला गळा हवा, नायिकेला कंबर, नायिकेच्या बापाला पोट, सखीला डोळे आणि नोकराला पळायला पाय. भुजंगरावाला काय हवं, हे मात्र कोणी ठरवलं नव्हतं. सगळ्यांची कामं वाटून झाल्यावर जो माणूस उरेल, त्याच्या गळ्यात भुजंगराव. एका साली उरले ते सुपडूभाऊ. ते अकरा वर्षं त्या कामात राहिले.

मी हे लिहायला बसलोय ते त्यांची थोरवी गाण्यासाठी नव्हे. त्यांना माझ्या शिफारशीची गरज नव्हती, आजही नाही. लिहितोय ते माझी लाज कुठंतरी उतरवून ठेवावी म्हणून. आता माझं वय झालं, आणि म्हातारपणी झोप उडवायला एवढं एक पुरेसं आहे.

सुपडूभाऊ कोर्टात पट्टेवाले होते. काम पुकाऱ्याचं. दावा निघाला की वरांड्याच्या टोकाला उभं राहून वादी-प्रतिवादीचं नाव तीनदा पुकारायचं. तिसऱ्या पुकाऱ्यालाही माणूस आला नाही तर दावा तिथंच निकालात निघायचा. उंच, वाळलेला माणूस. छातीवरच्या पट्ट्याचं पितळ रोज चिंचेनं घासलेलं. गालात कायम एक लवंग. "आवाज पोटमाईन याले पाहिजे, गळामाईन नही," असं ते म्हणत. त्यांचा आवाज खरोखरच पोटातून येई. कोर्टासमोरच्या कडुलिंबाखाली शिदोऱ्या सोडून बसलेल्या माणसांच्या हातातला घास त्या आवाजाने थांबे.

पण त्यांच्या पुकाऱ्यात एक खोड होती. कागदावर नुसतं 'भिका सखाराम' असलं तरी ते पुकारत, "भिका आबा सखाराम पाटील, हाजिर?" म्हातारी असली तर अक्का, तरणा असला तर भाऊ. नवे सबजज्जसाहेब आले तेव्हा त्यांनी एकदा दम भरला, की नावापुढे आबा-नाना लावायचं कारण नाही, हे कोर्ट आहे. सुपडूभाऊ साहेबांपुढे शहरी बोलत. म्हणाले, "साहेब, कागदावर नाव असतं. बाहेर माणूस उभा असतो." साहेबांनी पुढचा कागद मागितला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आबा आणि अक्का सुरू.

दुसरी खोड याहून भारी. पुकाऱ्याआधी ते लिंबाखाली एक फेरी मारून कोण आलंय, कोण पाणी प्यायला गेलंय, याची मनाशी नोंद करत. एकदा एक म्हातारबा विहिरीवर गेलेले, आणि इकडे तिसरा पुकारा आला. सुपडूभाऊंनी 'हाजिर'मधला 'हा' जो धरला, तो म्हातारबा धोतर सावरत वरांड्याची पायरी चढेपर्यंत सोडलाच नाही. वकील हसले, साहेबांनी कपाळाला हात लावला, पण दावा वाचला. लवंग गालात इकडची तिकडे करत सुपडूभाऊ म्हणाले, "जराक खोकला उना व्हता."

मी तिथं कारकून. नाव विनायकराव पाटील, शिक्षण नाशिकला, म्हणून कचेरीत सगळे मला नाशिकचाच समजत. मी तो समज मोडला नाही. खानदेशात पाटील म्हणजे बांधावरचं गवत, कोण कुठला हे कोण पाहतो. खरं म्हणजे माझं गाव दोंडाईच्याजवळचं. घरात सगळी अहिराणी. आईनं मला अहिराणीत निजवलं, बापानं अहिराणीत बदडलं. नाशिकच्या शाळेत पहिल्या दिवशी 'मला'ऐवजी 'माले' म्हटलं आणि वर्ग हसला, त्या दिवसापासून मी ती भाषा गिळून टाकली. कचेरीत माझं मराठी इतकं स्वच्छ होतं की अर्ज लिहून घ्यायला लोक माझ्याकडेच येत.

सुपडूभाऊंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "कोनतं गाव तुमनं, भाऊसाहेब?"

"आम्ही नाशिककडचे."

"बरं बरं," म्हणाले आणि माझ्याकडे क्षणभर बघत राहिले. त्या बघण्याचा मला राग आला होता.

आमचं नाटक म्हणजे 'संगीत प्रीतिविलंब'. दर दिवाळीनंतरच्या रविवारी एक खेळ धुळ्यात आणि पुढच्या रविवारी एक जळगावात. खेड्यांवरून येणाऱ्यांना दिवेलागणीच्या आत परत जाता यावं म्हणून खेळ दुपारी, मांडवात. गोष्ट अशी. कुमुदिनीचं माधवावर प्रेम. तिच्या काकासाहेबांना मात्र, म्हणजे बापाला, जावई हवा जमीनजुमल्याचा. म्हणून माधव गाण्याच्या मास्तराचा वेष घेऊन घरात शिरतो. तेवढ्यात काकासाहेबांनी पसंत केलेला खेड्यातला वर भुजंगराव मुलगी पाहायला येतो, सखीलाच नवरी समजून बसतो, फजीत होतो आणि पागोटं काखेत मारून निघून जातो. मग लग्न आणि भरतवाक्य. कुमुदिनी आमचे नक्कलनवीस, म्हणजे कोर्टाच्या कागदांच्या प्रती काढणारे गोविंदराव, मिश्या उतरवून. माधव मी. तीन अंक दुसऱ्याच्या वेषात वावरायचं, ते काम मला कधी जड गेलं नाही.

सुपडूभाऊ उरले त्या साली भुजंगराव करणारे गृहस्थ हिवतापाने पडले. तालमीला बाकं लावायला सुपडूभाऊ आलेले. मंडळाचा चिटणीस मीच. म्हटलं, "तुम्ही उभे राहा, सुपडूभाऊ. पाठ काही करू नका, घरी बोलता तसं बोला." ते बोलले आणि सगळी मंडळी पोट धरून हसली. सगळ्यांत आधी मी हसलो. ज्याला ती भाषा येते त्याला आधी हसावंच लागतं, नाहीतर लोक त्याच्याकडे बघतात.

छापील पुस्तकात भुजंगराव साधाच मूर्ख होता. मी एका रविवारी बसून त्याची सगळी वाक्यं अहिराणीत लिहून काढली. मंडळी म्हणाली, वा, पाटील, कुठून सुचतं हे तुम्हाला? मी म्हटलं, कोर्टात रोज ऐकतोच की. सुपडूभाऊंनी मात्र ती नक्कल, म्हणजे आपल्या कामापुरते लिहिलेले कागद, बोट फिरवत शांतपणे वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "लिखनारा आपलाच शे." पुढे त्यांनी तो शब्द कधी कोणापाशी काढला नाही.

त्या वाक्यांत एक वाक्य होतं. काकासाहेब विचारतात, आमची मुलगी तुमच्याकडे कशी राहील? तेव्हा भुजंगराव म्हणतो, "आमी खेडाना लोके. पन आमना घरमा पयली भाकर तुमनी पोरनी, मंग आमनी."

या वाक्याला मांडव कोसळायचा. टाळ्या, शिट्ट्या, वन्स मोअर.

हे वाक्य मला सुचलेलं नव्हतं. ते माझ्या बापाचं, आबांचं होतं. माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही चाळीसगावला एका मास्तरांकडे गेलो होतो, तेव्हा आबा जाजमावर बसून हात जोडून हे वाक्य बोलले होते. आमच्याकडे सून सगळ्यांच्या शेवटी जेवायची, हा गावाचा रिवाज. आबा त्या रिवाजाबाहेरचं बोलत होते आणि मनापासून बोलत होते. दाराआड बायका खुसखुसल्या. मी मान खाली घातली. लग्न झालं, पण ते खुसखुसणं माझ्या कानात राहिलं. वाक्य लिहिताना वाटलं होतं, आता ते माझं नाही, भुजंगरावाचं झालं. लोकांना आपणच हसवलं की हसू आपल्यावर येत नाही, असा माझा हिशेब.

माझी बायको पहिल्याच खेळाला आली होती. खेळ संपल्यावर आम्ही घरी आलो. दाराचं कुलूप काढताना म्हणाली, "मामंजींच्या घरची पहिली भाकर मी खाल्ली आहे. मला नाही आलं हसू." पुन्हा ती कधी नाटकाला आली नाही.

आता आबांचं सांगतो. आमच्या बांधाचा एक दावा धुळ्याच्या कोर्टात चालू होता, माझ्या धाकट्या मुलापेक्षा वयानं मोठा. आबा तारखेला येत, धर्मशाळेत उतरत आणि लिंबाखाली बसून राहत. लेकाच्या घरी कचेरीतली माणसं येतात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते ओळखलं होतं. मी मधल्या सुट्टीत इकडेतिकडे बघून लिंबाखाली जाई, दोन मिनिटं उभ्यानं बोले. ते शेंगांचं गाठोडं हातात देत. विचारत, "पोरे कशा शेतस?" मी "बरी आहेत" म्हणे. आणि वरांड्यातून सुपडूभाऊंचा आवाज येई, "झिपरू आबा तानाजी पाटील, हाजिर?" आपल्या बापाला कोणीतरी भर कोर्टात आबा म्हणतंय, याचा मला आनंद व्हायला हवा होता. माझा जीव मात्र कोणी माझ्याकडे बघत तर नाही ना, यातच असायचा.

सुपडूभाऊ आबांच्या शेजारी जाऊन बसत. दोघं तासन्‌तास बोलत. काय बोलत, ते मी कधी विचारलं नाही.

एका वर्षी सुपडूभाऊ माझ्या टेबलाशी आले. त्यांचा मुलगा मोतीराम भुसावळला रेल्वेत लागला होता. जळगावला एका शाळामास्तरांची मुलगी होती. "तुमी संगे चला, भाऊसाहेब. शिकेल मानूस संगे ऱ्हायना म्हंजे बोलानं वजन ऱ्हास." मी गेलो. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

मास्तरांचं घर नीटनेटकं. ओसरीवर मास्तर, त्यांचे धाकटे भाऊ, दोन शेजारी. पोहे आले, मुलगी आली, गेली. मोतीरामानं नाव विचारलं. सगळं रीतसर चाललं होतं. मग मास्तर म्हणाले, "मुलगी शहरात वाढलेली. तुमचं घर खेड्यावर. तिला कसं जमेल, एवढीच काळजी."

सुपडूभाऊंनी हात जोडले. त्यांचा चेहरा मी त्याआधी कधी इतका गंभीर पाहिला नव्हता. ते म्हणाले, "आमी खेडाना लोके. पन आमना घरमा पयली भाकर तुमनी पोरनी, मंग आमनी."

शेजाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मास्तरांच्या धाकट्या भावानं मांडीवर थाप मारली. "अरे, मघापासून म्हणतोय कुठं पाहिलंय यांना! हे तर भुजंगराव!"

ओसरी हसली. आतून बायका हसल्या, आणि त्यांत एक कोवळं हसू त्या मुलीचंही असावं. मास्तर डोळे पुसत म्हणाले, "वन्स मोअर! होऊन जाऊ द्या पुन्हा एकदा."

मोतीराम खाली बघत होता. सुपडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी मी एवढंच म्हणायचं होतं, की मास्तर, हे वाक्य नाटकातलं नाही, हे माझ्या बापाचं आहे, याच कामासाठी बोललेलं आहे आणि ते त्यांनी पाळलेलं आहे. एवढं म्हटलं असतं तर ओसरी गप्प झाली असती. कदाचित मोतीरामाचं लग्नही झालं असतं.

मी हसलो. सगळ्यांबरोबर, सगळ्यांइतकंच.

सुपडूभाऊंनी हात पुन्हा जोडले आणि तेच वाक्य तितक्याच सावकाश पुन्हा म्हटलं. लोक आणखी हसले. मग ते उठले. "येतो आम्ही," शहरी मराठीत म्हणाले. आठ दिवसांनी मास्तरांचं कार्ड आलं, की पत्रिका जुळत नाही.

मोतीराम जळगावहूनच परस्पर भुसावळला गेला. आम्ही दोघं चाळीसगावला धुळ्याच्या गाडीची वाट बघत बसलो. सुपडूभाऊंनी फडकं सोडलं. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी, ठेचा, कांदा. वरची भाकर उचलून त्यांनी माझ्या हातात दिली, मग आपण घेतली.

"तुम्ही ते वाक्य तिथं कशाला बोललात?" मी चिडूनच विचारलं. स्वतःची चूक असली की मला आधी राग येतो.

"खरं शे म्हनीसन बोलनू," ते म्हणाले. "त्याथीन चांगलं माले काय सुचतं? वाक्य आबानं शे, माले ठाऊक शे. त्यासनीच लिंबखाले सांगं, सून कशी आनी ते. म्हनीसन इतला वरीसमा मी ते कधी वाकडं तोंड करीसन बोलनू नही. लोके हासेत, मी नही."

मी गाडीच्या वाटेकडे बघत राहिलो. खरंच, ते वाक्य म्हणताना ते हात जोडून सरळ उभे राहत. आम्ही ती त्यांची विनोदाची खुबी समजत होतो.

"एक मांगनं शे," ते पुढे म्हणाले. "औंदा माले काकासाहेबनं काम द्या. पोरना बापनं. पोरना बापले कोनी हासत नही. ते नही जमनं, तं ते वाक्य तेवढं काढी टाका."

मी म्हटलं, "बघू."

आमच्या मंडळात पात्रवाटपाचा एक रिवाज होता. नारळ फोडायचा आणि चिटणिसाने एकेकाच्या हातात त्याची नक्कल वर सुपारी ठेवून द्यायची. हातात आलेली नक्कल परत करायची नाही. केली तर नाटकाला अपशकुन. वाटपाच्या आधी मंडळींत मी सुपडूभाऊंचा विषय काढला, अगदी हलक्या आवाजात. गोविंदराव म्हणाले, "पट्टेवाला काकासाहेब? आणि भुजंगराव कोण करणार? लोक येतात त्यांच्यासाठी." मी म्हटलं, "तेही खरंच." एवढीच माझी वकिली. आणि वाक्य काढायचं तर मी नावही काढलं नाही. त्या वाक्यावर आमचं नाटक उभं होतं. जळगावच्या खेळाला मोठे पाहुणे यायचे होते, आणि दुसऱ्या अंकात माझी तीन पदं होती.

सुपडूभाऊंनी सुपारीकडे पाहिलं, नकलेकडे पाहिलं. हात पुढे यायला जरा वेळ लागला. मग त्यांनी दोन्ही हातांनी ती घेतली.

त्या दिवाळीचा धुळ्याचा खेळ. मांडव गच्च. मागच्या खांबांना लोक टेकून उभे. दुसऱ्या अंकात मी गाण्याच्या मास्तरांच्या वेषात पडद्याआड लपलेला, समोर काकासाहेब आणि भुजंगराव. काकासाहेबांनी विचारलं, आमची मुलगी तुमच्याकडे कशी राहील?

सुपडूभाऊ बोलले नाहीत.

प्रॉम्प्टरने वाक्य दिलं. मग मोठ्यानं दिलं. तिसऱ्यांदा तर पहिल्या रांगेला ऐकू जाईल असं दिलं. सुपडूभाऊ मांडवाच्या मागच्या बाजूला बघत उभे होते. मग त्यांनी पागोटं काढलं, काकासाहेबांना नमस्कार केला आणि विंगेत निघून गेले.

मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, भाकर राहिली! भाकर!" हशा झाला. दुसरा ओरडला, "पयली भाकर तुमनी पोरनी!" बघता बघता सगळा मांडव एका सुरात ते वाक्य म्हणू लागला. लोकांना ते पाठच होतं. पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि हसत होते. त्या गदारोळात माझी तीन पदं वाहून गेली.

अंक पडल्यावर मी रंगपटात सुपडूभाऊंच्या अंगावर धावून गेलो. रागात तोंडातून काय निघतंय याचं भान राहिलं नाही. "तुले काय व्हयनं रे? तोंडमा काय दगड धरेल व्हता का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वीस वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या भाषेत बोललो होतो, आणि तेही अशा माणसाला 'अरे-तुरे' करत. गोविंदराव साडी सावरत टाळ्या पिटायला लागले. "वा, पाटील! काय हुबेहूब काढलंत! तुम्हीच करा भुजंगराव!"

सगळे हसले. आणि मीही जणू ती थट्टाच होती अशा थाटात हसलो. सुपडूभाऊ तोंडावरचा रंग पुसत होते. त्यांनी ना सफाई दिली ना माफी मागितली. मी मंडळाच्या वहीत शेरा लिहिला, 'सुपडू यांस वाक्यं पाठ राहत नाहीत. यापुढे काम देऊ नये.' भुजंगराव मग गोविंदरावांच्या मेहुण्यानं केला. त्याला अहिराणी येत नव्हती, तो नुसता डोळे फिरवायचा. दोन वर्षांत नाटक बसलं, आणि पुढे महायुद्धात मांडवाला कापड मिळेना तेव्हा मंडळही बसलं.

त्या खेळाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आबांची तारीख होती. मी लिंबाखाली गेलो. त्यांनी शेंगांचं गाठोडं दिलं आणि म्हणाले, "कसा आहेस? मुलं बरी आहेत ना?"

जन्मात कधी ते माझ्याशी शहरी बोलले नव्हते. शब्द जपून, पाय निसरड्यात ठेवावा तसा एकेक उच्चारत होते. मला वाटलं, कोर्टाची हवा लागली म्हाताऱ्याला. मला बरंही वाटलं. त्यानंतर मरेपर्यंत ते माझ्याशी तसंच बोलले. गावी गेलो की आईशी, गड्याशी, बैलाशी अहिराणी, आणि मी ओसरीवर आलो की "ये, बस. जेवलास का?" आजारी पडले तेव्हा शेवटचं पाणी त्यांनी 'पाणी' म्हणूनच मागितलं.

आबा गेले आणि बांधाच्या दाव्यात वारस म्हणून माझं नाव लागलं. ज्या कोर्टात मी आयुष्य घालवलं, तिथं मला पक्षकार म्हणून उभं राहायचं होतं. तारखेच्या दिवशी मी टेबलावरून उठलो आणि जाऊन लिंबाखाली बसलो. कुठं बसावं, ते दुसरं सुचलंच नाही.

सुपडूभाऊ आपली फेरी मारत आले. नोकरीचे दोन महिने उरले होते त्यांचे. केस पांढरे, पट्टा मात्र तसाच लखलखीत. मोतीरामाचं लग्न पुढे वरणगावकडे झालं होतं, नातवंडं होती. रंगपटातल्या त्या दिवसानंतर आम्ही कामापुरतेच बोलत होतो. ते शेजारी टेकले. आबांच्या जागेवर मी, आणि ते त्यांच्या नेहमीच्या जागेवर.

मी विचारलं, "सुपडूभाऊ, त्या दिवशी वाक्य का गिळलंत?"

त्यांनी लवंग गालात फिरवली. "आबा मांडवमा व्हतात, भाऊसाहेब. एक रोज आगोदर येल व्हतात. मांगला खांबजोडे उभा व्हतात. माले वरथीन दिसनात. त्यासना समोर त्यासनंच वाक्य लोकेसले हासाले कसं देऊ?"

लिंबाच्या काड्या खाली पडत होत्या, त्या मी बघत होतो. मग मी विचारलं, "आणि लोक ओरडायला लागले तेव्हा?"

"बठ्ठा लोके हासनात, तं आबा बी हासनात."

ते पुढे म्हणाले, "मंग भायेर आबानी माले इचारं, 'सुपडू, हाई कोनं लिखं?' मी सांगं, पुस्तकमा छापेल शे."

एवढं सांगून ते उठले. पुकाऱ्याची वेळ झाली होती. मी तिथंच बसून राहिलो. सोमवारचं ते "कसा आहेस?" मला आठवलं, आणि शेवटचं ते "पाणी". म्हाताऱ्यानं पुस्तकावर विश्वास ठेवला नव्हता. माझ्याजवळ आपली भाषा काढायची नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं. त्यांची भाषा लेकाला हसायची वस्तू वाटते, मग लेकाला त्रास कशाला.

वरांड्यातून आवाज आला, "झिपरू आबा तानाजी पाटील मयत, वारस विनायकभाऊ पाटील, हाजिर?"

दुसरा पुकारा झाला. मी कसाबसा उठून पायऱ्यांशी आलो आणि तिथंच थांबलो. वरांड्यात माझ्या कचेरीची सगळी मंडळी उभी होती. साहेबांच्या कारकुनाला पक्षकार म्हणून बघायची त्यांना मौज वाटत होती. गोविंदरावही होते, आता टक्कल पडलेले.

सुपडूभाऊंनी मला पाहिलं. माझी अवस्थाही पाहिली. त्यांनी छाती भरून घेतली आणि तिसरा पुकारा असा दिला, जसा त्या कोर्टात कधी कोणी दिला नसेल.

"झिपरू आबाना आंडोर, हाजिर शे का?"

आंडोर म्हणजे मुलगा. सगळं कोर्ट ऐकत होतं.

मी म्हटलं, "शे."

वरांड्यात हशा उसळला. गोविंदरावांनी टाळी वाजवली. "वा, पाटील! अजून तस्सं जमतं तुम्हाला! वा, भुजंगराव!"

सुपडूभाऊ हसले नाहीत. आत वळून त्यांनी साहेबांना सांगितलं, "हाजिर आहेत," आणि पुढचा कागद हातात घेऊन पुढच्या कुणा आबांचं नाव पुकारायला लागले.